गाळावरचं पांघरूण

गोदीच्या तळाशी कित्येक वर्षांचा विषारी गाळ होता. उपसायला जावं तर तो ढवळून सगळीकडे पसरायचा. म्हणून बाबांनी एका कोपऱ्यात त्याच्यावर वाळू, चिकणमाती आणि विष शोषून घेणारा कोळसा यांचं वीतभर जाड पांघरूण घातलं होतं. त्याला आता पाच वर्षं झाली होती आणि बाबांना जाऊन तीन महिने. वरच्या पाण्याची तपासणी चांगली आली होती. आज थर बघायचा होता. टिकला असेल तर उरलेल्या गोदीतही तेच काम, नाहीतर सगळं उपसायचं.

त्यांची लेक लाँचवर आली.

"पहिल्या दिवशीची फजिती सांगितली का कधी तुला?" लाँचवाल्या काकांनी विचारलं. "कोळसा कोरडाच टाकला आम्ही. तो बुडतोय कसला! सगळी गोदी काळी. बोटवाल्यांनी आमचा उद्धार केला."

"बाबा घरी म्हणाले, चूक माझीच, भिजत घालायला हवा होता."

"मग काय, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायचा. आणि टाकायचा पीठ चाळल्यासारखा, खालचा गाळ उसळता कामा नये. मी म्हणायचो, साहेब, या वेगाने मी इथेच रिटायर होणार. तर म्हणे, व्हा की, पार्टी मी देतो!"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

प्रयोगशाळेच्या बाईंनी तळात खुपसलेली पहिली पारदर्शक नळी वर घेतली. खाली डांबरासारखा गाळ, वर करडा थर, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. थरावर एक बारीक किडा वळवळत होता.

"पूर्वी इथे काही जगत नव्हतं," बाई म्हणाल्या.

दुसरी नळीही तशीच, तिसरीही.

"पुरे ना?" बाईंनी विचारलं.

लेकीच्या ओठांवर 'हो' आलं होतं. मग तिने बोटी वळतात त्या जागेकडे पाहिलं. "तिथला नमुना घेऊया."

"अगं, तिथे पंखे पाणी घुसळतात," काका हळू आवाजात म्हणाले. "तिथे बिघडलं असेल तर सगळंच मुसळ केरात."

"बाबांनी तिथलाच आधी घेतला असता."

काकांनी लाँच वळवली.

नळी वर आली. थर झिजून दोन बोटांवर आला होता. रेघ मात्र शाबूत.

"इथे वरून खडी घालावी लागेल," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "बाकी गोदीत असंच पांघरूण घालायचं."

काका इंजिनाकडे गेले आणि पाठ फिरवूनच उभे राहिले. धक्का येईपर्यंत लेकीने ती नळी दोन्ही हातांनी उभी धरून ठेवली. आडवी झाली असती तर रेघ मोडली असती.