आईचा तीळ

आमच्या घरात आईचा एकही फोटो नव्हता. होते तेवढे तिनेच फाडले. "ही मी नव्हेच," म्हणायची आणि कात्री शोधायची. भिंतीवर बाबा होते, मी होते, शेजाऱ्यांचं कुत्रंसुद्धा होतं. आई तेवढी नव्हती.

तिची सत्तरी जवळ आली तशी मी हट्टाला पेटले. वाटाणे सोलताना ती खळखळून हसत होती, तेव्हाचा एक फोटो मी गुपचूप काढून ठेवला होता. तो छपाईच्या पाटीवर उतरवून हाताने छापणार, असं मी जाहीर केलं.

"एकदाच," आई म्हणाली. "आवडला नाही तर फाडणार, आणि तुझ्या कॉम्प्युटरमधूनही पुसायचा. मग पुन्हा नाव काढायचं नाही."

राग माझ्या नाकावर असतो, पण शब्दाला मी पक्की आहे. हो म्हटलं.

फोटो कृष्णधवल केला. गडद भाग जरा उजळला, नाहीतर छपाईत तिच्या केसांचं डांबर झालं असतं. पारदर्शक फिल्मची एकच बाजू शाई धरते आणि ती ओल्या बोटाला चिकटते. ती बाजू वर ठेवून प्रिंटर सुरू केला. फिल्म वाळल्यावर बाबांनी ती खिडकीशी धरून भिंगातून तपासली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यांना धुळीचा कणही खपत नाही.

मग फिल्म शाईच्या बाजूने पाटीवर पालथी घातली, दिव्याचा प्रकाश दिला, पाटी पाण्याने धुतली. पाटीवरचा थर प्रकाशाने कडक होतो; जिथे फिल्म काळी होती तिथला कच्चाच राहून विरघळला आणि बारीक खळगे पडले. त्यांत शाई भरली, वरची पुसली, ओलसर कागद ठेवून छपाईयंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलला आणि आई हसत समोर आली. मला इतका आनंद झाला की शाईच्या हातांनीच मी डोळे पुसले.

"तीळ चुकला," बाबा म्हणाले.

आईचा तीळ डाव्या गालावर आहे. इथे तो उजव्या गालावर होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. फिल्म पालथी घातली की चित्र एकदा उलटतं, कागदावर उमटताना पुन्हा उलटतं, आणि हिशेब आपोआप जुळतो. पण मी वीस वर्षं लाकडी ठसे कोरलेली बाई, उलटं कोरायची सवय हाडामासांत भिनलेली. त्या सवयीने फोटो कॉम्प्युटरवरही एकदा उलटवून बसले होते.

लपवायला वेळच मिळाला नाही. आई दारात उभीच होती. कागदासमोर येऊन तिने एक नजर टाकली.

"ही मी," ती म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा कुणी मला नीट काढलं."

"ही तू नव्हेस," बाबा म्हणाले.

"मला माझं तोंड माहीत नाही? रोज आरशात बघते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिचारीने स्वतःला जन्मभर आरशातच, म्हणजे उलटंच पाहिलं होतं. फोटोतली बाई तिला कायम परकीच वाटली असणार.

"मला माझी हवी," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. "सुलट."

"एकदाच ठरलं होतं," आई म्हणाली.

"तो करार तुम्हा मायलेकींचा. मी सही केलेली नाही."

नवी फिल्म, नवी पाटी. दुपारपर्यंत दुसरी आई पहिलीशेजारी वाळत पडली, तीळ डाव्या गालावर. आईने तो कागद उचलला तशी मी कात्री कुठे आहे ते आधी पाहून घेतलं.

"तुम्हाला मी अशी दिसते?" तिने बाबांना विचारलं.

"अठ्ठेचाळीस वर्षं."

आई पुन्हा कागदाकडे बघू लागली. या वेळी तिने घाई केली नाही.

"बरी दिसते की," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बघत काय बसलीस? दोन खिळे आण."