दुसऱ्या मजल्यावरचं दार

"लाईट नसताना बी लिफ्ट चालायली म्हणल्यावर माझ्या दारावरून कोण जातंय आता?" सरजाबाई म्हणाल्या, तेव्हा मी हसले. "काहीतरीच काय मावशी! आम्ही आहोत की."

त्या निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलगा नाशिकला. परभणीतली आमची ती इमारत तीन मजल्यांची. सगळ्यात वर बाळंतपणाचा दवाखाना, त्याला लागून आमचं बिऱ्हाड. लाईट रोज जायची. अडलेल्या बायांना खुर्चीत बसवून जिना चढवावा लागे, म्हणून मालक दिनकररावांनी गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसवल्या, जिन्याखाली बॅटऱ्या मांडल्या. उन्हावर बॅटऱ्या भरायच्या आणि लाईट गेली की लिफ्ट त्यांच्यावर चालायची. बघायला सेलूहूनसुद्धा माणसं आली.

त्याआधी लाईट गेली की सगळे जिन्यानेच. मावशींनी दाराबाहेर माठ ठेवलेला. पोटुशी असताना मी तिथे टेकायचेच. "बस गं. तोंड बघ कसं झालंय टमाट्यावानी," म्हणत त्या पाणी द्यायच्या. मग बाळ झालं, लाईट नसतानाही लिफ्ट चालू लागली, आणि मावशींकडे डोकावणं रोज उद्यावर गेलं.

श्रावणात झड लागली. ऊन नाही, बॅटऱ्या उतरलेल्या, त्यात सकाळी मी लिफ्टने उतरून बाहेर पडले आणि मागे लाईट गेली. पोलिओचा डोस पाजून आणलेलं बाळ छातीशी धरून मी जिना चढू लागले. बाळ नुसतं शिंकलं तरी मला धडकी भरते, त्यात पायऱ्या ओल्या. दुसऱ्या मजल्यावर टेकले. माठात थेंब नव्हता. कुणी पिवो न पिवो, मावशी उठल्याबरोबर माठ भरत.

मी कडी वाजवली.

"ढकल, लोटलेलंच हाय." आवाज अगदी बारीक.

त्या न्हाणीच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय सुजून काळानिळा. आदल्या संध्याकाळी घसरल्या होत्या.

"हाक मारायची ना, मावशी!"

"मारली की. ती लिफ्ट घरघर करत वर जायली, खाली जायली. कुणाला ऐकू येतंय? आज ती गप झाली, तवा म्हणलं, आता कुणीतरी चढल."

मी त्यांना पाणी पाजलं, बाळ त्यांच्याजवळ ठेवलं आणि वर धावले. दवाखान्यातला कंपाउंडर लिंबाजी एका माणसाला घेऊन आला. खुर्चीत बसवून उचललं, तशा मावशी कण्हत म्हणाल्या, "या वयात बाळंतीण केलं का रे मला, लिंबाज्या?"

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं, आता काठी घेऊन चालतात.

लिफ्टला मी नावं ठेवत नाही. परवाच लाईट गेलेली असताना एक अडलेली बाई तिच्यातूनच वेळेवर वर पोहोचली म्हणे. पण आमची बदली सेलूला झाली आणि माझा जीव मावशींकडे लागून राहतो. स्टेशन रोडवर, गच्चीवर काळ्या प्लेटा दिसतात ती इमारत. त्या दवाखान्यात कुणाला भेटायला गेलात, तर तेवढं जिन्याने जा. दुसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार. आवाज द्या, आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबा.