जाळेफाड्याची सलामी

जीप गावात शिरायच्या आधी लाउडस्पीकरवरचा सैदलवीचा आवाज शिरायचा.

"बंधूंनो, आज शाळेच्या मैदानावर सलामीची किक मारणार आहे जाळेफाड्या क्वाबेना. कमजोर काळजाच्यांनी गोलामागे बसू नये. तान्ही बाळं मांडीवर घट्ट धरावीत. काही झालं तर कमिटी जबाबदार नाही."

एवढं ऐकल्यावर घरी कोण थांबतं? कमजोर काळजाचे लोक सगळ्यांआधी येऊन गोलामागे जागा धरत. मलप्पुरमच्या त्या किनाऱ्यावर सात-सात जणांच्या फुटबॉलचा हंगाम होता. सुपारीच्या खोडांची गॅलरी माणसांनी लगडून करकरत होती.

तीन सामन्यांत तीनदा चमत्कार झाला. खेळ सुरू होण्याआधी रॉयल क्लबने परदेशातून आणलेला क्वाबेना एक किक मारायचा, समोरचा गोलकीपर जीव वाचवायला बाजूला लोळायचा आणि चेंडू जाळं फाडून पार. नंतरच्या अख्ख्या सामन्यात मात्र हा पठ्ठ्या मागे उभा राहून नुसता बचाव करायचा. "ताकद राखून ठेवतोय," असं सैदलवी सांगायचा, आणि लोकांनाही ते पटायचं. रॉयल क्लबच्या मॅनेजर मोइदूने कमिटीकडून फायनलचं तिकीट दुप्पट करून घेतलं, तेही पटलं.

फाटलेल्या जाळ्याचे दोरे गावभर वाटले गेले. कुणी ते मनगटाला बांधले, कुणी मोटारसायकलला. शेजारच्या आयिशुम्माने एक दोरा बकरीच्या गळ्यात बांधला.

"दूध देते का आता?" बीपाथूने विचारलं.

"अजून नाही. पण चालण्यात रुबाब आलाय तिच्या."

बीपाथूचं अर्धं आयुष्य मासेमारीची जाळी दुरुस्त करण्यात गेलं होतं. फायनलच्या सकाळी शाळेचं फाटलेलं जाळं पहिल्यांदाच सांधायला तिच्या ओसरीवर आलं. आत चटईवर तिचा धाकटा भाऊ जुनैस कण्हत पडला होता. किनाऱ्याच्या संघाचा गोलकीपर तो. सहा वर्षांनी संघ फायनलला पोचला होता, समोर क्वाबेनाचा रॉयल क्लब होता, आणि याला नेमका आजच ताप आला होता.

तिने कपाळाला हात लावला. "ताप कुठाय रे? कैरीसारखा गार आहेस."

"आतला ताप आहे, इत्ता," तो थोरल्या बहिणीला म्हणाला. "तो हाताला लागत नाही." मग तो उठून बसला. "ज्या किकने जाळं फाटतं, ती माझ्या बरगड्यांचं काय करेल? बाजूला उडी मारली तर पोरं जन्मभर हसतील. उभा राहिलो तर जन्मच उरणार नाही."

बीपाथूची बोटं भोकाच्या कडेने फिरत होती आणि ओठ मोजत होते. एका सरळ रेघेत अठ्ठावीस घरं तुटलेली, आणि एकाही घराची गाठ सरकलेली नाही.

"इकडे ये. मोठा मासा जाळं फाडतो तेव्हा दोरा आधी ताणतो. टोक पांढरं पडतं, पिंजतं. हे टोक बघ."

जुनैसने बघितलं. टोक मुळ्याच्या चकतीसारखं सपाट होतं.

"हे ब्लेडचं काम. आणि हा कुठला पाहुणा?" तिने कडेला अडकलेला तंगूसचा, पारदर्शक नायलॉन दोऱ्याचा, तुकडा उचलला. डोळ्यांना दिसेल न दिसेल असा. "तांदळाच्या पोत्याचं तोंड कसं शिवतात? एक टोक ओढलं की सगळी शिवण सरसर उसवते. जाळं आधीच कापून ठेवायचं, तसंच शिवायचं, आणि वेळेवर कुणीतरी ओढायचं."

"मग जाऊन सांगूया कमिटीला."

"कमिटीनेही दोरा बांधलाय मनगटाला. तू काही बोलू नकोस. फक्त उभा राहा, चेंडू पकड आणि सोडू नकोस."

"आणि तुझं चुकलं तर?"

"तर तुझ्या आतल्या तापावर मी काढा करीन."

तिने जाळं नीट सांधून परत पाठवलं. मैदानावर ते पुन्हा कापून शिवलं जाणार, हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी ती गोलामागच्या शाळेच्या भिंतीवर जाऊन बसली. तिच्या पुढे, गोलाच्या अगदी मागे, मोइदूचा मेहुणा पाण्याची बादली घेऊन उकिडवा बसला होता. तीन सामने तो तिथेच बसत होता, आणि त्या बादलीतलं पाणी आजवर कुणी प्यायलं नव्हतं.

क्वाबेनाने चेंडू ठेवला. जुनैस डावीकडे झुकला, मग बहिणीकडे बघून पुन्हा मधे आला.

किक बसली. चांगली होती, पण किकच होती. चेंडू थेट जुनैसच्या छातीवर आला आणि त्याने तो दोन्ही हातांनी कवटाळला.

त्याच क्षणी त्याच्या मागे जाळं टर्रकन उसवलं.

"फाटलं, फाटलं," सैदलवी लाउडस्पीकरवर सांगत होता, "जाळेफाड्याने पुन्हा एकदा..." मग त्याने वर बघितलं.

सगळं मैदान आळीपाळीने जाळ्याकडे आणि चेंडूकडे बघत होतं. क्वाबेना चालत पुढे आला. "इक्का, चेंडू तर इथेच आहे," तो इथल्या मोडक्यातोडक्या भाषेत, थोरल्या भावाला हाक मारावी तसा, सैदलवीला म्हणाला. "मला क्लबवाले म्हणाले, इथली जाळी जुनी असतात, म्हणून फाटतात."

बीपाथू भिंतीवरून उतरली. भोकाशी लोंबणारा तंगूस तिने उचलला आणि सवयीने जाळं विणायच्या लाकडी सुईवर गुंडाळायला लागली. गुंडाळत गुंडाळत दुसऱ्या टोकाला मोइदूचा मेहुणा आला. घाईत गाठ त्याच्या बोटाला आवळून बसली होती.

गॅलरी अशी हसली की सुपारीची दोन खोडं सुटली.

"मग माझी बकरी?" आयिशुम्माने विचारलं.

"तिला चारा घाल."

पाऊण तास सामना थांबला, कारण जाळं पुन्हा सांधायचं होतं. मग खेळ झाला आणि जुनैसचा संघ एका गोलने हरला. त्याचं खरं कारण क्वाबेना. तो अप्रतिम बचावपटू होता, चेंडू त्याच्या पायाखालून सरकत नव्हता. महिनाभर सगळ्यांनी त्याला जाळेफाड्या म्हणून डोक्यावर घेतलं, पण तो खेळतो कसा हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

जुनैस हरूनही ताठ मानेने घरी आला. "इत्ता, ओढणाऱ्याला बघायचं तू कसं ठरवलंस?"

"मी त्याला नाही बघितलं. सगळे जाळ्याकडे बघत होते, म्हणून मी चेंडूकडे बघितलं."

माणूस मोठा आहे असं लाउडस्पीकर सांगू लागला, की एवढंच करावं. टाळीसाठी हात उचलण्याआधी चेंडू कुठे आहे ते बघावं. त्याला तिकीट लागत नाही.