एकवीस माणसं, एक बैल आणि अडकलेलं बटण

प्रेरणाच्या लॅपटॉपचं डावं बटण खाली गेलं ते वर आलंच नाही, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि पिंट्याचा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आला होता.

पिंट्या हा बैल. पासलीच्या सावळारामांचा, शर्यतीचा, आणि गेल्या तीन मैदानांत एकदा पहिला आलेला. बाकीच्या दोन वेळी तो नक्की कुठल्या दिशेला पळाला, हे पासलीत कुणी विचारत नाही. अशा बैलाचा वाढदिवस म्हटल्यावर फ्लेक्स आला, आणि फ्लेक्स म्हटल्यावर शुभेच्छुक आले. सावळारामांनी एकवीस जणांचे फोटो पाठवले होते. त्यात सात 'युवा नेते', चार 'भावी सरपंच', तीन 'मार्गदर्शक', आणि ज्यांना काय म्हणावं ते कुणालाच सुचलं नाही असे सात 'आधारस्तंभ'. कोण कुणाच्या शेजारी, कुणाचं तोंड बोटभर मोठं, हेही लिहून आलं होतं.

"एकवीस म्हंजे एकवीस," सावळारामांनी फोनवर बजावलं होतं. "बाविसावा घुसवला की तेविसावा रुसतो."

बैलाच्या शेजारच्या मोठ्या गोलात ते स्वतः होते, गॉगल लावून.

प्रेरणाचं दुकान कापूरहोळच्या फाट्यावर, गेनबाचं पंक्चरचं दुकान आणि एक ढाबा यांच्या मधल्या सांदीत. ती फ्लेक्स जुळवायची आणि फाईल भोरच्या छपाईवाल्याला पाठवायची. तो चार वाजता मशीनवर दुसरा माल चढवायचा. मग तुमचा बैल असो नाही तर नवरदेव, तो काही ऐकायचा नाही.

त्या सकाळी सावळारामांच्या चुलती फुलाबाई पिंट्यासाठी घुंगरमाळ घ्यायला कापूरहोळला आल्या होत्या. जाता जाता फ्लेक्स कुठवर आला ते बघून ये, असं पुतण्याने सांगितलं होतं. सत्तरीला टेकलेली बाई, अंगाने काटकुळी, पण नजर लख्ख. त्या स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या.

"पिंट्या झ्याक आलाय. ह्यो कोन गं?"

"भावी सरपंच."

"ह्यो? पिंट्या नुसता शिंकला तरी ह्यो गोठ्याभायेर पळतो." त्यांनी पुढच्या फोटोवर बोट ठेवलं. "आन् ह्येला तर पिंट्यानं आजवर बगितलं बी न्हाई."

मग त्यांनी सहज सांगितलं, की पिंट्या चार दिवसांचा असताना गाय मेली. त्यांनी त्याला चुलीपाशी ठेवून बाटलीने दूध पाजलं, थंडीत स्वतःचं घोंगडं घातलं. सांगून झाल्यावर त्या पदराशी चाळा करत बसल्या.

"माजा बसंल का गं त्यात?" शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "बारीक. शेपटीपाशी बी चालंल."

प्रेरणाच्या डोक्यात तिडीक गेली. ज्यांनी त्या बैलाला कधी कडब्याची काडी घातली नाही ते एकवीस जण तिथे दात काढून बसले होते, आणि जिने वाढवला ती शेपटीपाशी जागा मागत होती. पण एकवीस म्हणजे एकवीस होते. सावळाराम नाराज झाले तर त्यांच्या खोऱ्यातली पाच गावांची कामं नसरापूरच्या दुकानाला जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बसवून तर बघू," ती म्हणाली. "खाली काय लिहायचं?"

"काय लिव्हनार? शेन काडते म्हनून लिव्ह."

प्रेरणाने मोबाईलवर फुलाबाईंचा फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला, टचपॅडचं डावं बटण दाबून धरलं आणि फोटो शेपटीकडे ओढायला लागली. तेवढ्यात टक्क आवाज झाला.

बटण आत गेलं आणि आतच राहिलं. आता बोट कुठेही फिरवा, फोटो पाठ सोडेना. फुलाबाई युवा नेत्यांच्या डोक्यावरून गेल्या, दोन भावी सरपंचांच्या तोंडावर जरा टेकल्या, पिंट्याच्या वशिंडावर चढल्या आणि उतरल्या. आधी त्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग घाबरल्या.

"आगं, म्या कशाला हात लावला न्हाई हां!"

प्रेरणाने बटणावर एक गुद्दा घातला. बटण क्षणभर सुटलं, फोटो होता तिथे बसला, आणि बटण परत आत. फोटो नेमका सावळारामांच्या गोलावर बसला होता, गॉगलसकट त्यांना झाकून. वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे दर दोन मिनिटांनी कीबोर्डवरून फाईल सेव्ह करायची प्रेरणाला खोड होती. डोकं ठिकाणावर नसताना हाताने ती खोड पाळली. फाईल सेव्ह झाली.

मग दुरुस्तीची यात्रा सुरू झाली. प्रेरणाने आधी कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईने लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितलं, ते तीनदा झालं. मग म्हणाली, नुसतं बटण मिळत नाही, वरचं सगळं पॅनल बदलावं लागेल, लॅपटॉप पुण्याला जमा करा, आठ दिवस लागतील.

"आठ दिवसांत बैल म्हातारा होईल," प्रेरणा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ढाबेवाल्याने बिलाच्या कॉम्प्युटरचा माऊस काढून दिला. त्याला रश्श्याचा थर होता, तो पुसून जोडला. माऊस काही चालेना. लॅपटॉपला वाटत होतं की डावं बटण अजून कुणीतरी दाबूनच धरलंय, तो दुसऱ्या कुणाचं ऐकायला तयार नव्हता. तिकडे ढाबेवाला बिलं हाताने लिहायला लागला आणि गिऱ्हाइकं बेरजेवरून हुज्जत घालायला लागली.

एवढ्यात गेनबा हवेची नळी ओढत आला. "कचरा आडकला आसंल. हवा मारतो. ट्रकच्या टायरातनं खिळा भायेर येतो, हे तर बटान हाय."

"नको!" म्हणेपर्यंत त्याने फुसकन हवा मारली. आतून फरसाणाची शेव उडाली, दोन स्टेपलच्या पिना उडाल्या, एक मेलेली मुंगी उडाली, आणि कीबोर्डवरचं एंटरचं बटण उडून रस्त्यापलीकडे गेलं. डावं बटण जागचं हललं नाही. पंधरा मिनिटं तिघं खडीत एंटर शोधत होते. ते फुलाबाईंना सापडलं. आयुष्यभर तांदळातले खडे निवडलेल्या बाईला खडीतलं बटण शोधणं काय अवघड.

"आता मोटारीला देतात तसा धक्का मारूया का?" गेनबाने विचारलं. प्रेरणाने लॅपटॉप छातीशी धरला आणि ती कुमारकडे पळाली.

कुमारचं वाइंडिंगचं दुकान हायवेच्या कडेला होतं. मोटारी, मिक्सर, रिमोट, जे येईल ते तो उघडायचा. काहीही आणा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. छताचा पंखा नेला तरी तोच.

"पान्यात पडलेला का?"

"नाही पडलेला! चार वाजता फाईल जायचीय!"

त्याने स्क्रू काढले, चष्मा कपाळावर घेतला आणि बराच वेळ आत बघत राहिला. दोन वाजून गेले होते. फुलाबाई दुकानाच्या पायरीवर घुंगरमाळ मांडीत घेऊन बसल्या होत्या. आपल्यापायी पोरीचं यंत्र मोडलं या काळजीने त्यांनी पासलीकडे जाणारी वेल्ह्याची एसटीसुद्धा सोडून दिली होती.

"बटनाखालची पट्टी तुटलीय," कुमार म्हणाला. "आता तीन मार्ग. येक, पुन्याचं पॅनल. दोन, माज्या भंगारातलं बटान, पन ते दुसऱ्या कंपनीचं हाय, मधीच टुनकन उडंल, डोळ्यात जायचं. तीन, ह्येची वायर काडायची, बटान उपसायचं आन् माऊसवर काम करायचं."

"तीन."

"इचार तर करा."

"तीन!"

कुमारने जरा नाराजीनेच बटण उपसून तिच्या हातावर ठेवलं. ढाब्याचा माऊस जोडला आणि लॅपटॉप शहाण्यासारखा चालायला लागला. तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. फ्लेक्स उघडला, तर बैलाशेजारी मोठ्या गोलात फुलाबाई. ऊन डोळ्यांवर आल्याने जरा किलकिल्या डोळ्यांनी हसत होत्या. पिंट्यासुद्धा त्यांच्याकडेच बघत असल्यासारखा दिसत होता.

दोन क्लिकचं काम होतं. फोटो पुसायचा, खालचे सावळाराम वर येणार, फाईल भोरला.

फुलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. खूप वेळ त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "म्या बगितलं," त्या म्हणाल्या. "बास झालं. काड आता, न्हाईतर तुज्यावर कावत्याल."

"काढते," प्रेरणा म्हणाली. "तुमी जावा, मावशी, पुढची गाडी चुकंल."

त्या घुंगरं वाजवत गेल्या, आणि प्रेरणाने माऊस धरला. भीती होतीच. तिने सावळारामांना खालून ओढून काढलं आणि गॉगलसकट शेपटीपाशी नेऊन बसवलं. फुलाबाईंना अंगठाभर मोठं केलं. खाली लिहिलं, 'फुलाबाई, पिंट्याला लहानाचा मोठा करणाऱ्या'. चारला तीन मिनिटं कमी असताना फाईल भोरला गेली.

सकाळी साडेनऊला फोन आला. "हितं या," सावळाराम म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

प्रेरणाने साक्षीला कुमारला घेतलं आणि पुराव्याला बटण, प्लॅस्टिकच्या पिशवीत. स्कूटरवरून दोघं पासलीला पोचली तेव्हा चौकात फ्लेक्स लागला होता आणि त्याच्याखाली एकवीस शुभेच्छुक पांढऱ्या कपड्यांत, हाताची घडी घालून उभे होते.

"हे काय हाय?" सावळारामांनी शेपटीकडे बोट दाखवलं.

"बटण अडकलं होतं," प्रेरणा म्हणाली. खोटं नव्हतं. अर्धंच होतं.

कुमारने पिशवी वर धरली. "हेच ते. मी सोता उपसलंय. यंत्राचा दोष, मानसाचा न्हाई."

बटण हातोहात फिरलं. प्रत्येकाने दाबून पाहिलं. एक मार्गदर्शक म्हणाले, चिनी माल. एका युवा नेत्याने ते वाजतं का म्हणून कानाशी धरलं. दुसऱ्याने विचारलं, पाण्यात पडलेलं का, आणि कुमारचा चेहरा एकदम उजळला.

"बटान गेलं खड्ड्यात! काकूचा फोटू कापून काडा," सावळाराम ओरडले. शिडी आली. एक आधारस्तंभ कात्री घेऊन वर गेला आणि थांबला. फुलाबाई हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडेच बघत होत्या.

"दादा, जित्या मानसाच्या तोंडावर कात्री कशी चालवू?"

"मग काकूलाच इचारू," कुणीतरी म्हणालं, आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की काकू इथे नाहीतच. त्या गोठ्यात होत्या. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

तेवढ्यात त्या आल्या. नवी घुंगरमाळ घातलेल्या पिंट्याला कासरा सैल सोडून त्या घेऊन आल्या, कोपरापर्यंत शेणाने भरलेल्या हातांनी. वर बघितलं आणि त्यांची पावलं तिथेच थबकली. पिंट्याही थांबला. डीजेवाल्याने आपण होऊन आवाज बारीक केला. प्रेरणाला वाटलं, आता या बाईला सगळ्यांसमोर खाली मान घालायला लागली तर आपण स्वतःला कधी माफ करणार नाही.

फुलाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं.

"सावळ्या, माज्या फोटूखाली काय लिव्हलंय रं?"

सावळारामांच्या हातात माईक होता. त्यांनी एकवीस जणांकडे बघितलं, शिडीवरच्या माणसाकडे बघितलं. मग गॉगल काढला आणि भराभर, ओठांतल्या ओठांत वाचून टाकलं.

"आयकू न्हाई आलं," फुलाबाई म्हणाल्या.

मग माईक तोंडाशी धरून सावळारामांनी सावकाश, साऱ्या पासलीला ऐकू जाईल असं वाचलं. "फुलाबाई. पिंट्याला लहानाचा मोठा करनाऱ्या." आणि थोडं थांबून, फ्लेक्सवर नसलेलं एवढं जास्तीचं म्हणाले, "आन् मला बी."