सातधाऱ्याची घागर

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे बघून हसू नका. मी एक जुनी तांब्याची घागर आहे. अल्मोड्याच्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि खिमुलीच्या लग्नात मी तिच्यासोबत सातधाऱ्याला आले. डोंगराच्या कपारीतून पाण्याच्या सात धारा पडत, म्हणून गावाचं नाव सातधारा. हल्ली बसस्टँडवरचे गाईड पर्यटकांना सांगतात, इथे सात ऋषी बसले होते. बसले असतील बापडे! मी काही पाहिले नाहीत. धारा मात्र मी स्वतः मोजल्यात.

आमच्याकडे नवी नवरी आधी धारांची पूजा करते, तिथलं पाणी घागरीत भरून घरी आणते, मगच ती गावची होते. खिमुलीने पहिलं पाणी माझ्यातूनच आणलं. पुढे डोंगरावरचं बांजाचं, म्हणजे मुळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या ओक झाडांचं रान तुटलं, हॉटेलं उठली आणि एकेक धार आटत गेली. घरात नळ आला, मी माळ्यावर गेले.

थोरल्या सुनेच्या, कुंतीच्या लग्नात मला राखेने घासून लख्ख केलं. मी हरखले. पण धारा तर कोरड्या! नवरीसमोर गावाची शोभा नको, म्हणून खिमुलीने मला आधीच नळावर भरून धारेच्या दगडामागे लपवलं. पूजेनंतर पदर ओढलेल्या नवरीच्या हाती दिलं, जणू आत्ताच भरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुंतीने एक घोट घेतला आणि थबकली. पाण्याला औषधाचा वास होता. चारचौघींत ती गप्प राहिली. घरी आल्यावर मात्र सासूला म्हणाली, "इजा, हे नळाचं पाणी ना?" आमच्याकडे सासूलाही इजा, म्हणजे आईच म्हणतात.

खिमुलीने मान खाली घातली. "काय करू गं पोरी? नाव सात धारांचं, आणि तुला दाखवायला एकही नव्हती."

"माझं झालं ते झालं. धाकटीला अशी फसवी घागर द्यायची नाही."

धाकटा दीर तेव्हा शाळेत होता. सासू-सुनेने वरच्या उतारावर पाणी मुरायला खड्डे खणले, बांजाची रोपं लावली. खिमुली म्हातारपणी सोनं शोधतेय, असे टोमणे चहाच्या टपरीवर रंगत. मग टोमणे मारणाऱ्यांच्याच बायका कुदळी घेऊन वर जाऊ लागल्या आणि टपरी गप्प झाली.

आठ वर्षांनी धाकटी आली. मला धारेखाली ठेवलं. धार कसली, सुतळीएवढी! मी भरेपर्यंत वऱ्हाड दुपारभर ताटकळलं. ढोलवालेही दमून बसले, पण उठून कुणी गेलं नाही. माझ्या काठावरून पाणी सांडलं तेव्हा खिमुली सगळ्यांदेखत रडली.

मित्रांनो, तुमच्याही गावाच्या नावात एखादी नदी, एखादं झाड असेल. ते अजून जागेवर आहे का, एकदा जाऊन बघा. आमच्या सहा धारा यायच्या आहेत अजून. मी माळ्यावर जात नाही आता. धाकटी मला रोज पाण्याला नेते.