एका ओळीची फट

भिंगरीला पाचवीतून खाली चौथीत बसवायचं की नाही, हे आज मोठ्या बाईंसमोर, म्हणजे मुख्याध्यापिकांसमोर, एक पान वाचून ठरणार होतं. चौथीत तिचा धाकटा भाऊ होता. त्याच्या वर्गात बसण्यापेक्षा शाळेच्या गच्चीवर राहायला जाईन, असं तिने घरी जाहीर केलं होतं, आणि भिंगरी नुसती बोलणाऱ्यांतली नव्हती.

वाचायला घेतलं की ओळी एकमेकींत घुसत. वरचा शब्द खाली उतरे, खालचा वर चढे. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, त्यामुळे डोळे केव्हाच तपासून झाले होते. नजर ठणठणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला दिसतं नीट. पण एवढी गर्दी एकदम समोर आली की मेंदूला ती निवडता येत नाही. एकेक ओळ दाखवा." आईने पुठ्ठ्यात ओळीएवढी फट कापून दिली. तिच्यातून भिंगरी वाचायची. हळू, पण बरोबर.

त्या पुठ्ठ्याने कुणाचं काय बिघडत होतं, देव जाणे! पण वर्गाच्या बाईंच्या डोळ्यांत तो खुपायचा. "ओळी हलतात म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं," असं म्हणत त्यांनी मोठ्या बाईंसमोरच तो काढून घेतला. "परीक्षेत कुबड्या चालायच्या नाहीत. वाच."

भिंगरीने पान पाहिलं. नेहमीची झुंबड उडाली होती. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा त्याहून जास्त राग आला. अंगण वाकडंच होतं, आणि ते तिने वाकवलेलं नव्हतं.

तिने दोन्ही हात पानावर आडवे ठेवले, एक वर, एक खाली. मध्ये एकच ओळ उरली.

"हात काढ," बाई म्हणाल्या.

"नाही काढणार. पुठ्ठा घेतलात ना? हात माझे आहेत, ते नाही मिळायचे."

बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई भिंगरीच्या हातांकडे पाहत होत्या. भिंगरी वाचू लागली. ओळ संपली की हात खाली सरकत. एका शब्दावर अडली, मागे गेली, पुन्हा धडक मारून पार झाली. घामाने तळवे कागदाला चिकटत होते.

अर्ध्या पानावर मोठ्या बाई म्हणाल्या, "पुरे गं. पाचवीतच बस तू."

भिंगरीने मान वर केली नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "पान संपलं नाही अजून."

आणि ते संपेपर्यंत दोघी बाईंना थांबावं लागलं.