पांढऱ्या पोटाचा दाणा

मी भाताचा दाणा. मोडलेला. कीव करू नका, ऐका.

सेनेगल नदीकाठी गोरा जोप नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात मी जन्मलो. दाणा म्हणजे आधी नुसतं दूध. रात्री गार असल्या की ते पोटात घट्ट बसतं. यंदा रात्रीच तापल्या. नदीवरून वाराही येईना. झाडाला धाप लागली आणि आमच्या वाटचं त्यानं स्वतःच खाल्लं. मी त्याला दोष देत नाही. पण माझं पोट भुसभुशीत राहिलं, खडूसारखं पांढरं.

वरून मी लांब, देखणा. गोरा त्यालाच भुलला. नातीच्या बारशाला घरचा अख्खा दाणा वाढीन, असं त्यानं व्याह्यांना चारचौघांत सांगून टाकलं. व्याही न्जाय घराण्यातले. जोप आणि न्जाय यांना एकमेकांची टर उडवायचा पिढीजात हक्क आहे. तिथं दिलेला शब्द खाली पडला, तर माणूस जन्मभर ऐकत बसतो.

गिरणीत मी तडकलो. शेजारचेही तडकले. पोत्यात सगळी कणीच कणी.

गोरा मटकन बसला. "आता पाहुण्यांना काय वाढू?"

त्याची बायको पेंदा हसली. "कणीच वाढा. माशाचा रस अख्ख्या दाण्यावरून ओघळतो, कणी तो पिते. बाजारात बायका मागून घेतात. तुम्हालाच मेलं लांब दाण्याचं खूळ!"

बारशाच्या दुपारी मी टोमॅटो, चिंच आणि माशाच्या रसात शिजलो. फुगलो, लाल झालो. अंगणात मोठ्या परातीभोवती पाहुणे बसले. व्याही दाउदानं बोटांनी घास वळला.

"काय रे जोप, अख्खे दाणे तूच गिळलेस ना, खादाडा? आम्हाला तुकडे!"

गोरानं मान खाली घातली.

दाउदानं घास तोंडात टाकला. दुसरा घेतला. तिसरा. मग चुलीकडे वळून ओरडला, "विहीणबाई, तळाची खरवड कुणाला देऊ नका हां! ती माझी!"

"आता खादाड कोण रे, न्जाय?" गोरा गरजला. अंगण हसून लोटपोट झालं. सर्वांत मोठ्यानं दाउदाच हसला.

मी त्या खरवडीतच आहे, भांड्याच्या तळाला, खरपूस. एवढंच सांगतो : पुढच्या साली पेरणी लवकर करा, आमच्या धाकट्यांना भरायला गार रात्री मिळू द्या. माझं म्हणाल, तर माझं उत्तम चाललंय.

पेंदा उलथनं घेऊन आली. दाउदा तिच्या मागोमाग. सरका जरा, त्यांना वाट द्या.